मोजून दोन

मी चाळीस वर्षं लाडू वळते आहे. लालबागच्या आमच्या चाळीत, इकडे परळपासून तिकडे काळाचौकीपर्यंत, कुणाच्या घरी बाळंतीण यायची असली की निरोप मला येतो. अळीव, डिंक, मेथी, खारीक, खसखस, गोडंबी. कुणाला काय सोसेल, कुणाला काय उष्ण पडेल, हे विचारून घेते आणि तसे वळून देते. दिवाळीत फराळ, पावसाळ्यात उपासाचं पीठ, लग्नसराईत रुखवत. खाऊ घालणं हेच आयुष्यभर केलं आणि त्यात काही चुकत असेल अशी शंका मला कधी आली नाही. २०२४ मध्ये ती आली, एका सरड्याच्या मादीमुळे. ते जसं घडलं तसं सांगते.

तिचं नाव जुई. माझ्या भाच्यानं ठेवलेलं. तो ऑगस्ट २०२४ मध्ये नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना तिला तिच्या जाळीच्या पिंजऱ्यासकट माझ्याकडे ठेवून गेला. जुई रंग बदलणाऱ्या सरड्यांपैकी. पुस्तकात यांना सरडगुहिरा म्हणतात, आमच्या कोकणात घोयरा. पण ही आपल्याकडची नव्हे. हिची जात येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली. डोक्यावर शिखरासारखा उंच तुरा असतो, त्यावरून ओळखू येते. आपल्या सह्याद्रीतला घोयरा पकडून घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे भाच्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. परदेशी जातीसाठी २०२४ मध्ये नवे नियम आले. त्यांप्रमाणे त्यानं तिची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केली होती आणि तो कागद पिंजऱ्याच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटवला होता.

मला आधी तिची भीती वाटली. लहानपणी संगमेश्वरकडे आमच्या वाडीत घोयरा दिसला की पोरं दगड घेऊन धावायची. त्याचा श्वास विषारी असतो, तो दिसणं अशुभ असतं, असं मोठी माणसं सांगायची. त्यातलं काहीही खरं नाही. मादी एरवी झाडावरून सहसा उतरत नाही. अंडी घालायची वेळ आली की ती जमिनीवर येते, खड्डा करते, अंडी घालते, माती लोटून बुजवते आणि परत झाडाकडे निघते. तिच्या सगळ्या आयुष्यातला हाच काळ सर्वांत उघड्यावरचा, आणि आम्ही नेमक्या याच वेळी तिच्यावर दगड उचलायचो. एका पायावर जरा थांबत, वाऱ्यानं हलणाऱ्या पानासारखी झुलत चालणारी ती संथ मादी माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. आता ती मला पोटुशी दिसते. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

भीती आठवड्याभरात गेली. जुई चार महिन्यांची होती, वीतभरसुद्धा नव्हती. दोन डोळे दोन दिशांना फिरवायची. मी डबा हातात घेतला की एक डोळा माझ्यावर, दुसरा डब्यावर. जीभ बाहेर पडून रातकिडा आत गेलेला कळायचाही नाही, नुसता टक् असा आवाज. माझी अंगणातली म्हणजे गॅलरीतली जास्वंद तिच्या पिंजऱ्यात ठेवली, तर ती तिची पानंही खायला लागली. ही जात पानं खाते हे मला ठाऊक नव्हतं. जे खाणाऱ्याला आवडतं ते पुन्हा वाढावं, हा माझा स्वभाव. रोज बारा-पंधरा रातकिडे. क्रॉफर्ड मार्केटात पक्ष्यांसाठी ज्या पिवळ्या अळ्या मिळतात त्याही आणायला लागले.

भाच्यानं जाण्याआधी सांगितलं होतं, "आत्या, आत्ता लहान आहे तोवर खाऊ दे. पण सप्टेंबर लागला की कमी करत जा. पाच महिन्यांनंतर एक दिवसाआड, तीन-चार. ऐकतेस ना?" मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पोरगा पुरुषमाणूस आहे, त्याला काय कळतंय.

गणपती गेले आणि जुईचा रंग पालटला. हिरव्या अंगावर फिकट निळे ठिपके उठले. फोनवर तो म्हणाला, "मोठी झाली ती. नर नसला तरी या जातीची मादी अंडी धरते, आपल्या कोंबडीसारखी. आता तरी खाणं कमी कर." पुढे दोनतीन आठवड्यांत ती गडद झाली, ठिपके पिवळे-निळे झाले, आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगून आलं. बोटानं हलकेच स्पर्श केला तर आत शेंगदाण्यांची पिशवी असल्यासारखं लागायचं.

पोटुशी आहे आणि कमी खायला घाल, म्हणे. हे वाक्य माझ्या कानाला सहनच होईना. ते का, हे सांगायला मला बरंच मागे जावं लागेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मला तिसरा महिना होता. यजमान जवळच्याच गिरणीत साचेखात्यात. अडीच लाख कामगारांच्या घरचा पगार एका दिवशी थांबला. पहिला महिना सगळे जोरात होते. दुसऱ्या महिन्यात वाण्यानं उधारी बंद केली. तिसऱ्यात गावाहून तांदूळ आला तो सासूबाईंनी मापट्यानं मोजून शिजवायला घेतला. त्या स्वतः उपाशी राहायच्या आणि मला वाढायच्या, पण वाढायला असायचं काय? पातळ आमटी, भात, कधी कांदा. दूध चहापुरतं. सातव्या महिन्यात आईनं गावाहून येऊन चाळीतल्या बायकांना जमवलं आणि ओटी भरली. झोपाळा नव्हता, फुलांच्या वाड्या नव्हत्या. मला पुरणपोळीचा वास कुठून तरी येत होता आणि तो खरा होता की भास, हे मला अजून कळलेलं नाही. मुलगी झाली ती एक किलो नऊशे ग्रॅमची. बावीस दिवस रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. जगली. आज ती ठाण्याला आहे, तिला दोन मुलं आहेत.

त्या वर्षी मी ठरवलं की माझ्या हाताखालची कुणी पोटुशी रिकाम्या पोटी झोपणार नाही. माझा लाडवांचा धंदा त्यातून उभा राहिला. ज्या घरी पैसे नसतात तिथे मी आजही मोजून पैसे घेत नाही. म्हणून सांगते, जुईच्या पुढ्यात मी रातकिडे टाकत होते ते निष्काळजीपणानं नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत पक्की समजूत मी तिच्या पुढ्यात टाकत होते.

आणि तिनं खाणं सोडलं.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. फराळाच्या ऑर्डरी, भट्टीवर चिवड्याची कढई, घरात ही उष्णता. सकाळी सहा रातकिडे सोडले, संध्याकाळी सहाच्या सहा फिरत होते. मी घाबरले. चिमट्यात अळी धरून तिच्या तोंडापाशी नेली. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूनं नेली. मी हे दिवसातून पाच-सहा वेळा केलं. अंडी घालण्याआधी काही दिवस ती आपणहून खाणं थांबवते, पाणी मात्र खूप पिते, हे तिच्या जातीचं नेहमीचं वागणं आहे. पोट अंड्यांनी भरलेलं असताना अन्नाला जागाच नसते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. भाच्यानं लिहून दिलेल्या कागदावर हे होतं. तो कागद मी वाचला होता आणि बाजूला ठेवला होता.

मग ती पिंजऱ्याच्या तळाशी येऊन येरझाऱ्या घालायला लागली. भाच्यानं सांगितलं, लगेच खोल माती दे. मी तुळशीची रिकामी कुंडी दिली, जेमतेम अर्धी वीत माती राहील अशी. ती खणायची, तळ लागला की बाहेर यायची, परत खणायची. मी दर अर्ध्या तासाने वाकून बघायचे, आणि मी वाकले की तिचं खणणं थांबायचं. बोगदा करताना कुणाची चाहूल लागली की मादी तो सोडून देते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिला मी चार दिवस एक बोगदा पुरा करू दिला नाही.

वसुबारसेच्या सकाळी तिचे डोळे मिटलेले होते. सरडगुहिरा दिवसा डोळे मिटून बसला तर तो झोपलेला नसतो, तो आजारी असतो. शेजारची म्हणाली, "बैलघोड्याला ने गं." परळच्या जनावरांच्या त्या जुन्या रुग्णालयाला आमच्याकडे अजून हेच नाव आहे. कुत्री-मांजरी, बैल, कबुतरं, सगळ्यांना लोक तिथेच नेतात. पण भाच्यानं फोनवरून दादरच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला होता. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकलेल्या, १८८६ पासून चालत आलेल्या त्या महाविद्यालयात, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम त्यांना येत होतं. मी जुईला कापडी पिशवीत घातलं, पिशवी पदराखाली धरली आणि टॅक्सी केली. लालबागपासून दादरपर्यंत रस्त्यावर कंदिलांचे स्टॉल लागले होते. गाय-वासराच्या पूजेचा दिवस आणि माझ्या मांडीवर हे. मला रडू आवरलं नाही.

एक्स-रे काढला. पडद्यावर तिचं सबंध पोट अंड्यांनी भरलेलं, एकावर एक, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. फुप्फुसाला जागा कुठे उरली असेल ते दिसत नव्हतं. डॉक्टरबाईंनी मात्र अंड्यांकडे बोट नाही दाखवलं. त्यांनी पुढच्या डाव्या पायाचं हाड दाखवलं. ते सरळ असायला हवं होतं, ते धनुष्यासारखं वाकलं होतं आणि बाकी हाडांपेक्षा अंधूक दिसत होतं.

"मावशी, कॅल्शियम किती वेळा लावत होतात?"

मी खरं सांगितलं. आठवड्यातून एखाद्या वेळी. ती पांढरी पूड म्हणजे औषध, आणि औषध जास्त देऊ नये, अशी माझी समजूत. आणि पिंजऱ्यावरची ती निळसर प्रकाशाची नळी? दुपारी मी ती बंद करत होते, घर आधीच तापलेलं म्हणून.

त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. रातकिड्यात मांस असतं, कॅल्शियम जवळजवळ नसतं. उलट फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो, आणि तो शरीरातलं कॅल्शियम अडवतो. म्हणून प्रत्येक किडा कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायचा. ती पूड पचायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते अंगात तयार व्हायला उन्हातले ठरावीक किरण लागतात. काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही, म्हणून ती नळी. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं, ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. अंडी बाहेर ढकलायला गर्भाशयाचा स्नायू आकसावा लागतो, त्यालाही कॅल्शियमच लागतं. जुईची हाडं तिच्या अंड्यांनी खाल्ली होती, आणि अंडी बाहेर ढकलायला काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "पण बाई, मी तिला पोटभर घालत होते. पोटुशीला उपाशी कशी ठेवणार?"

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मावशी, अंडी किती, हे पोट दिसायला लागल्यावर ठरत नाही. त्याच्या आधीच ठरतं, तिच्या खाण्यावर. अंडी तिनं धरलीच असती बहुतेक. पण इतकी नसती. तुम्हाला वाटलं ती पोटुशी आहे म्हणून खायला घालताय. खरं तर तुम्ही घातलंत म्हणून ती एवढी पोटुशी झाली."

हे वाक्य मी पुढे कित्येक महिने घेऊन फिरले. त्या दिवशी मला त्याचा रागच आला होता.

त्यांनी आधी अंगात पाणी भरलं, मग कॅल्शियमचं इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवशी हॉर्मोनचं. सगळ्याच सरड्यांना ते लागू पडतं असं नाही, नाही पडलं तर पोट उघडावं लागेल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. लागू पडलं. धनत्रयोदशीच्या रात्री दवाखान्यातल्या खोक्यात, माती न खणता, फडक्यावर, तिनं अठ्ठावन्न अंडी टाकली. येताना ती एकशे बत्तीस ग्रॅम होती, सकाळी चौऱ्याहत्तर भरली. मी तिला पाहिलं तेव्हा अंगावरची कातडी सैल लोंबत होती, रिकाम्या पिशवीसारखी. ती अंडी फळलेली नव्हती, नर नव्हताच. डॉक्टरबाई ती टाकून देणार होत्या. मी रुमालात बांधून घरी आणली आणि जास्वंदीच्या कुंडीत पुरली. कचऱ्यात टाकवेना.

राग ओसरायला वेळ लागला. दिवाळी संपली, मागचं आवरलं, आणि मग मी भाच्याचा कागद पुन्हा काढला. त्याच्याशी फोनवर तासन्‌तास बोलले. तो मला वाचून दाखवायचा. येमेनच्या डोंगरात, कोरड्या दऱ्यांत पाऊस ठरावीक काळ पडतो. पाऊस पडला की पाला येतो, पाला आला की किडे येतात, किडे आले की मादीच्या शरीराला कळतं, आता पिल्लं जगतील, आता धर. पाऊस संपला की किडे संपतात आणि शरीर थांबतं. तिथे रानातल्या मादीच्या पुढ्यात किडे कुणी मोजून ठेवत नव्हतं. ते काम पावसाचं होतं. माझ्या घरात पाऊस मी होते, आणि मी थांबतच नव्हते. रोज बारा किडे म्हणजे रोज श्रावण. तिच्या शरीरानं त्या श्रावणावर विश्वास ठेवला.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. थंड देशांत लोक दिव्याची उष्णता कमी करून अंड्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. सत्तावीस अंशांच्या आसपास बसायची जागा आणि बेताचं अन्न, अशी दोन साधनं त्यांच्या हातात असतात. मुंबईत ऑक्टोबरमध्ये माझ्या स्वयंपाकघराचं मी काय करणार? उष्णता आपल्या हातात नाही. अन्न तेवढं आहे. म्हणजे इथे पाळणाऱ्याला हात आवरण्यावाचून दुसरा उपायच नाही, आणि हे आमच्या हवेत राहणाऱ्या कुणालाही कळायला हवं असं मला वाटतं.

तेव्हापासून भिंतीवर कालनिर्णयशेजारी एक वही टांगली आहे. रविवारी, मंगळवारी, गुरुवारी, मोजून दोन. मोठे असतील तर दोन, लहान असतील तर तीन. प्रत्येक वेळी कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. ड जीवनसत्त्वाची पूड महिन्यातून दोनदा. अळ्या बंद, त्यांत चरबी फार. पाणी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारायचं, कारण ती वाटीतलं साठलेलं पाणी पाणी म्हणून ओळखत नाही, थेंब चाटते.

पहिले दोन महिने सर्वांत कठीण गेले. सोमवारी मी पिंजऱ्यापुढून गेले की तिचा एक डोळा माझ्या हातावर यायचा. हात रिकामा. मी ते सहन करू शकत नव्हते आणि एकदा केलंही नाही, दोन जास्त टाकले आणि वहीत लिहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी लिहिले. डोळा फिरतो तो हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर फिरतो, पंख्यावरही फिरतो, हे भाच्यानं दाखवून दिलं. भूक मला दिसत होती, ती माझ्या मनातली होती.

माझ्या हाताला दुसरं काम मिळालं, हे बरं झालं. रातकिड्यांना खाऊ घालायचं. किड्याच्या पोटात जे असेल ते जुईच्या पोटात जातं. म्हणून किडे द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळ्याच्या चकत्या घालते. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. पालक नको, त्यातलं आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं. दादरच्या बाजारात शेवग्याचा पाला मिळतो, ती भाजीवाली मला आता ओळखते.

गुढीपाडव्याच्या आधी जुई पुन्हा गडद झाली. या वेळी मी तयार होते. पोट दिसल्यावर मी खाणं आणखी तोडलं नाही, हेही सांगून ठेवते. अंडी धरल्यावर उपाशी ठेवणं हा वेगळा अपराध आहे. संख्या ठरून गेलेली असते, मग तोडलेलं अन्न तिच्याच अंगातून जातं. खाणं होतं तेवढंच ठेवलं, फक्त एखादा दिवस अधिक, आणि पुडी न चुकता. रंगाची वीस लिटरची बादली स्वच्छ घासून घेतली, चाळलेली रेती आणि कुंडीतली माती निम्मी-निम्मी, फूटभर खोल. पाणी किती घालायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मुठीत वळली तर लाडू धरावा, बोटानं दाबला तर फुटावा, इतकी ओल. कोरडी असेल तर बोगदा ढासळतो, जास्त ओली असेल तर ती खणत नाही. पिंजऱ्याभोवती जुनं पातळ बांधलं, आणि मी तिकडे गेले नाही.

तिनं तीन दिवस खाल्लं नाही. मी चिमटा हातात घेतला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पातळ बाजूला केलं तर ती वर फांदीवर होती, अंगावर माती, डोळे उघडे. बादलीतली माती वरून इतकी नीट दाबलेली की काही घडलं आहे असं वाटू नये. खाली तेवीस अंडी निघाली. अंडी घालण्याआधी एकशे चार ग्रॅम होती, नंतर ऐंशी. मी फवारलं, ती कितीतरी वेळ पाणी चाटत राहिली.

आणि मग मी तिला खायला घातलं. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं, अंडी घातल्यावर चार-पाच दिवस हात सैल सोडा, झीज भरून निघू द्या, मग पुन्हा वहीवर या. ते ऐकलं तेव्हा मला माझी आजी आठवली. आमच्याकडे अळीव, डिंक, मेथी हे सगळं बाळंतीण झाल्यावर द्यायचं. आजी पोटुशीला लाडू देत नसे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायची ते एका दिवसाचं, मनाच्या समाधानासाठी. खुराक सगळा नंतर, सव्वा महिना. मी चाळीस वर्षं तेच लाडू वळते आणि ते कधी द्यायचे हे माझ्या हाताला ठाऊक होतं. भीती माझ्या हाताच्या पुढे धावली, १९८२ ची भीती.

माझं म्हणणं कुणी बायकांना लावू नये. सरड्याची मादी आणि बाई यांची शरीरं वेगळी आहेत. पोटुशी बाई मागेल ते आणि मागणार नाही तेही तिला मिळालं पाहिजे, दूध, अंडी, डाळ, पालेभाज्या, लोहाच्या गोळ्या. आम्हाला संपाच्या वर्षी जे मिळालं नाही त्याचा मला आजही संताप येतो आणि तो मी सोडणार नाही. माझं मत बदललं ते एवढंच, की एका जिवाला ज्याची उणीव पडली ते दुसऱ्या जिवावर ओतून भरून निघत नाही. जुईच्या पुढ्यात मी जे टाकत होते ते माझ्या मुलीसाठी न मिळालेलं ताट होतं. त्याचं ओझं तिच्या हाडांवर पडलं.

तिचा डावा पाय वाकलेलाच राहिला. फांदी पकडताना तो जरा बाहेर फेकला जातो. तो सरळ होणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे. पाडव्यानंतर सात महिने होऊन गेले, तिनं पुन्हा अंडी धरलेली नाहीत. वहीत रोजची ओळ आहे.

तुमच्याकडे या जातीची, कागदपत्रं असलेली, चार महिन्यांची मादी असेल तर पोट दिसायची वाट बघू नका. आजच वही करा आणि किडे मोजायला लागा.